त्रेचाळीस सेट आणि अडतीस लाईन

लग्न मोडायला एरवी भारदस्त कारणं लागतात. कोणाचा स्वभाव आडवा येतो, कोणाची नोकरी आडवी येते, कोणाची आत्या आडवी येते. आमच्या मुलीच्या लग्नात इंग्रजीतले दोन शब्द आडवे आले. हे आज मी हसत सांगतोय, पण ते सतरा-अठरा दिवस घरातलं कोणी माझ्याशी हसत नव्हतं आणि एक माणूस तर बोलतच नव्हतं. ते माणूस म्हणजे माझी बायको. ती बोलत नसली की घरातली भांडी फार बोलतात.

तसं पाहिलं तर सगळं जुळून आलं होतं. मुलामुलीनं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, आम्हा मोठ्यांना फक्त आनंद व्यक्त करायला बोलावलं होतं. मुलगा जहाजावर इंजिनियर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो जहाजावर चढणार आणि पुढचे नऊ महिने समुद्रात. म्हणून त्याआधीच्या शुक्रवारी, सकाळी साडेअकराला, नोंदणी कार्यालयात लग्न लावायचं ठरलं. ती वेळ हुकली तर नऊ महिने थांबायचं. मुलीनं हे मला तीनदा सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा मी तिला म्हणालो होतो, "कागदपत्रांचं माझ्यावर सोड."

हे मी उगाच म्हणत नव्हतो. एका सरकारी कार्यालयाच्या आवक खिडकीत मी एकतीस वर्षं काढली. लोक अर्ज घेऊन यायचे, मी पानं मोजायचो आणि म्हणायचो, "तीन सेट आणा." अर्जात काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही. वाचणं हे वरच्या साहेबांचं काम, मोजणं माझं. एकतीस वर्षांत माझ्या मोजणीत एका पानाची चूक झाली नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं. समारंभाला साहेब धरून सहा जण होते, पण बोलून दाखवलं.

तर मुलाचे आईवडील पहिल्यांदा घरी आले तो रविवार. बायकोनं कपाटातले ठेवणीतले कप काढले होते. व्याही उंच, ताठ, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाईन इन्स्पेक्टर म्हणून राहिलेले. त्यांनी कप उचलला, खालून-वरून पाहिला आणि म्हणाले, "सेट छान आहे हो."

इथं मी "घ्या ना, चहा गार होईल" एवढंच म्हणायला हवं होतं. बायको आजही हे वाक्य मला अधूनमधून म्हणून दाखवते. पण मी म्हणालो, "गंमत बघा, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला असतील, तर या सेटला."

"असं?" व्याही म्हणाले. मग थोडं थांबून, "मला वाटतं, लाईनला."

"लाईनला कसे असतील? लाईन म्हणजे रेघ."

"सेट म्हणजे कपबश्या," व्याही म्हणाले.

त्यांच्या आवाजात काही वावगं नव्हतं, पण ते माझ्या जिव्हारी लागलं. एकतीस वर्षं ज्या शब्दावर भाकरी खाल्ली त्याची एका माणसानं माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून कपबशी केली. मीही मग टेलिफोनच्या खांबांबद्दल काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण विहीणबाईंनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं एवढं आठवतं.

जाताना व्याही दारात थांबले. "नातं जोडायचं तर मनात किंतु नको," ते म्हणाले. "शुक्रवारी मी साक्षीदार म्हणून सही करणार आहे. त्याआधी हे स्वच्छ झालेलं बरं. ज्याचे अर्थ जास्त भरतील तो शब्द मोठा. ज्याचे कमी भरतील त्यानं तसं मान्य करायचं, आणि मग सही."

"आणि समजा नाहीच मिटलं तर?" मी विचारलं.

"न पटलेल्या गोष्टीवर मी आजवर सही केलेली नाही," व्याही म्हणाले.

साक्षीदार बदलता येईल का, असं मुलीनं मला त्याच संध्याकाळी विचारलं. येत नव्हता. आधीच दिलेल्या अर्जात दोन्ही वडिलांची नावं मीच घातली होती, शाईनं, आणि कार्यालयाच्या नियमाप्रमाणे साक्षीदार बदलायचा तर पुन्हा तीस दिवसांची मुदत. हा नियम मुलीला मी जरा अभिमानानंच समजावून सांगितला. ती आत गेली. बायकोनं बोलणं बंद केलं ते तेव्हापासून.

खालच्या मजल्यावर आमचे एक शेजारी राहतात, त्यांना सगळी इमारत कायदेपंडित म्हणते. वकिली त्यांनी केलेली नाही, पण एका वकिलाच्या शेजारी ते अकरा वर्षं राहिले होते. त्यांनी सल्ला दिला, "शब्दकोश चालणार नाही. तुमचा कोश वेगळा, त्यांचा वेगळा. उद्या ते म्हणतील तुमचा जाडा आहे. पुरावा हवा. प्रत्येक अर्थ जिवंत माणसाच्या तोंडचा, त्याच्या धंद्यातला, त्याच्या सहीनिशी." मी हे फोनवर व्याह्यांना कळवलं. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी एक नियम आपणहून वाढवला: प्रत्येक चिठ्ठीवर शब्द वापरून एक पूर्ण वाक्य हवं. दोन्ही बाजूंना इतकी सहमती त्या पंधरवड्यात दुसऱ्या कशावरही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन मी बाहेर पडलो. समोरच्या रस्त्यावर बांधकाम चालू होतं. गवंड्यानं थापी बाजूला ठेवून लिहून दिलं, "सिमेंट सेट व्हायला चोवीस तास लागतात." सोनारानं गळ्यातलं आणि कानातलं मिळून सेट होतो असं दिलं, पण सही करण्याआधी मला दोन सेट दाखवले आणि मी काही घेत नाही म्हटल्यावर सही जरा बारीक केली. दंतवैद्यांनी खालच्या-वरच्या कवळीचा सेट दिला. घड्याळजीनं वेळ सेट करून दिली. केस कापणाऱ्यानं केस सेट केले आणि मगच कागदाला हात लावला. व्यायामशाळेतल्या दांडग्या शिक्षकांनी "पंधराचे तीन सेट मारा" असं लिहिलं आणि लिहिलंच आहे तर मारूनही घ्या म्हणून आग्रह केला. पुढचे दोन दिवस मी जिना बाजूच्या कठड्याला धरून चढलो.

नाटकाच्या सुताराकडून रंगमंचावरचा सेट मिळाला, गणिताच्या बाईंकडून संचाचा सेट मिळाला, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून टीव्हीचा सेट मिळाला. त्यानं वाक्यही झकास दिलं होतं: "जुना सेट देऊन नवीन घेतला, आता त्रास नाही." मी त्याचं कौतुक केलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.

तिकडे व्याही स्वस्थ बसले नव्हते. बातम्या यायच्या. आज त्यांनी नळवाल्याकडून सांडपाण्याची लाईन मिळवली. आज बसथांब्यावर उभ्या माणसांना थांबवून लाईनमध्ये उभं राहण्याची लाईन घेतली. आज सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जाऊन डोळ्यांखालच्या लाईन विचारल्या, आणि दुकानातल्या बाईंनी त्यांना एक मलमाची डबी गळ्यात मारली. ती डबी म्हणे विहीणबाईंच्या हाती लागली, आणि त्या घरातही एक माणूस बोलेनासं झालं. एकदा ते आणि मी एकाच दिवशी, एकाच शिंप्याच्या दुकानात समोरासमोर आलो. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, शिंप्याकडे पाठ फिरवली आणि अर्थ न घेताच निघून गेलो. शिंपी बिचारा टेप गळ्यात घालून आमच्या मागे बघत राहिला.

सेटिंग हा अर्थ धरायचा की नाही यावर आमचा पत्रव्यवहार झाला. व्याह्यांचं म्हणणं, ते शेपूट लावलेलं आहे. मी म्हटलं, मग लायनीत हेही शेपूटच. त्यांनी हरकत मागे घेतली, मीही घेतली. सोमवारपर्यंत माझे त्रेचाळीस झाले.

सोमवार हाच लग्नाचे अंतिम कागद दाखल करण्याचा दिवस होता. माझ्या टेबलावर दोन फायली होत्या. एकीत मुलामुलीचे दाखले, जन्माचे, पत्त्याचे, प्रतिज्ञापत्रं, फोटो, सगळं मिळून त्रेचाळीस पानं. दुसरीत माझे त्रेचाळीस अर्थ. दोन्हींना मी सारखंच निळं वेष्टण घातलं होतं, दोन्हींवर लाल पेन्सिलीनं 'पाने ४३' असं लिहिलं होतं, आणि दोन्हींचे तीन-तीन सेट काढले होते. एकतीस वर्षांची सवय हातातून जात नाही.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी फाईलचे तिन्ही सेट घेतले, बोट ओलं केलं आणि प्रत्येकाची पानं मोजली. मग पुन्हा मोजली. काय हात होता त्या बाईंचा. मी कौतुकानं पाहत राहिलो. "त्रेचाळीस," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. एकाही पानावर त्यांची नजर पडली नाही. मी मनात म्हटलं, ही खरी आवक कारकून.

गुरुवारी संध्याकाळी कार्यालयातून पत्र आलं. मुलीनं ते फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. वरच्या साहेबांनी कागद वाचले होते. आमच्या वेळी असे साहेब क्वचित असायचे. पत्रात लिहिलं होतं: "पान ४ वर दातांच्या पूर्ण सेटचा उल्लेख आहे. सदर सेट वराचा की वधूचा, आणि तो अर्जातील वयाशी जुळतो काय, खुलासा करावा. पान ११ प्रमाणे चोवीस तास लागतात, ते कशास? पान २९ वर 'जुना सेट देऊन नवीन घेतला, आता त्रास नाही' असे विधान आहे. वराचा पूर्वीचा विवाह झालेला असल्यास घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत जोडावी. खुलासा समाधानकारक नसल्यास उद्याची वेळ रद्द समजावी."

मी टेबलाकडे धावलो. निळ्या वेष्टणात, लाल पेन्सिलीच्या 'पाने ४३'च्या आत, माझ्या मुलीचे जन्माचे आणि पत्त्याचे दाखले आरामात बसले होते.

बायको त्या क्षणी बोलली. अठरा दिवसांचं साठलेलं बोलली. ते सगळं इथे देण्यासारखं नाही.

शुक्रवारी दहालाच आम्ही खिडकीवर हजर झालो. मी, बायको, मुलगी, मुलगा, आणि पाठोपाठ व्याही-विहीणबाई. व्याह्यांच्या खिशातून त्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर डोकावत होता, रबर लावलेला. निकाल आज लागायचा होता ना. मी बाईंसमोर खरे कागद ठेवले आणि चूक सांगितली.

"एकाच अर्जाला दोन वेगळे संच झाले," बाई म्हणाल्या. "आधीचे दाखल आहेत. दाखल झालेले परत देता येत नाहीत. साहेब आज दौऱ्यावर आहेत. सोमवारी या."

सोमवारी या. हे दोन शब्द मी एकतीस वर्षांत किती जणांना ऐकवले असतील याचा हिशोब मी कधी ठेवला नाही. म्हणताना ते फार हलके वाटतात. खिडकीच्या या बाजूला ते कसे ऐकू येतात हे मला त्या दिवशी, वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. मला रडू आलं असतं, पण माझ्या आधी मुलगी बोलली. चूक माझी हे माहीत असूनही चिडून नाही, अगदी समजुतीनं बोलली.

"बाई, माझ्या बाबांनी भरलेत कागद. ते खात्यात होते. त्यांच्याकडून असं कधी होत नाही, त्यामुळे चूक दुसरीकडे कुठेतरी असेल. तुम्ही एकदा बघता का?"

मी खाली पाहिलं. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बराच वेळ पाहिलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खात्यात होतात?"

"आवक," मी म्हणालो. "एकतीस वर्षं."

त्यांनी आवाज उतरवला. "मग तुम्हाला माहीत असेल. एक वाट आहे. आधीचे कागद चुकून दाखल झाले, त्यांना काहीही किंमत नाही, ते नष्ट करावेत, असं तुम्ही तुमच्या हातानं लिहून द्यायचं. तिन्ही सेट. साक्षीदाराची सही घ्यायची. मग खरे कागद मी आत्ता घेते."

तिन्ही सेट. म्हणजे माझ्याकडे काही उरणार नव्हतं. गवंडी नाही, सोनार नाही, दंतवैद्य नाही. त्रेचाळीस माणसांच्या सह्या, दुखरे पाय, आणि शिक्क्यासकट दाखल झालेला माझा विजय. व्याही शेजारीच उभे होते आणि सगळं ऐकत होते. त्यांचा गठ्ठा खिशात शाबूत होता. मी पेन काढलं. लिहायला लागलो, अक्षर चांगलं आलं. "सदर त्रेचाळीस कागद माझ्या चुकीने दाखल झाले असून त्यांना काहीही किंमत नाही. ते नष्ट करावेत." खाली सही केली आणि कागद व्याह्यांपुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून करा," मी म्हणालो. "आणि आता माझ्याकडे एकही नाही. लाईन जिंकली. मी मान्य करतो. मुलांना आत जाऊ द्या."

व्याह्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. सही केली. बाईंनी माझे तिन्ही सेट काढून आडवे फाडले, उभे फाडले आणि टोपलीत टाकले. त्यांनी फाडायच्या आधी पानं मोजली, हे मी पाहिलं.

मग व्याह्यांनी खिशातला गठ्ठा काढला आणि खिडकीत ठेवला. "हेही फाडून टाका."

"हे काय आहे?"

"लाईन. अडतीस आहेत."

बाईंनी गठ्ठा परत सरकवला. "हे दाखल नाहीत. दाखल नसलेले कागद आम्हाला नष्ट करता येत नाहीत. आधी दाखल करा. तीन सेट लागतील. त्या शेवटच्या खिडकीवर."

"माझे अडतीसच होते," व्याही मला म्हणाले. "तुमचे त्रेचाळीस होते, मी पाहिलं शिक्क्यावर. कागद फाडले म्हणून अर्थ जात नाहीत." आणि ते ताठ चालत शेवटच्या खिडकीसमोरच्या लांबलचक लायनीत जाऊन उभे राहिले.

आता त्यांनी ते कागद घरी जाऊन चुलीत घातले असते तरी चाललं असतं. पण मी त्यांना ओळखायला लागलो होतो. मीही जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो. आमच्या पुढे चौदा माणसं होती. वेळ जावा म्हणून त्यांनी मला चिठ्ठ्या वाचायला दिल्या. चांगल्या होत्या, खरंच चांगल्या होत्या. नळवाला, नट, वीजवाला, धोबी. सत्ताविसाव्या चिठ्ठीवर मी थांबलो. "लाईन मारणे: 'मी वाचनालयात तिच्यावर दोन वर्षं लाईन मारली, तेव्हा कुठे तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं.'" खाली सही मुलाची. धंदा: जहाजावरील इंजिनियर.

"हा कोणाकडून घ्यावा तेच समजेना," व्याही जरा ओशाळून म्हणाले. "या वयात परक्या माणसाला कसं विचारायचं? म्हणून घरातच विचारलं."

"ही एक फाडायची नाही," मी म्हणालो आणि ती चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली. व्याह्यांनी हरकत घेतली नाही.

आमच्या पुढे दोनच माणसं उरली होती, तेव्हा आतून मुलामुलीची नावं पुकारली. साक्षीदार कुठे आहेत, असा आवाज आला. मग पुन्हा आला, जरा वैतागून. दारात मुलगी उभी होती आणि सगळीकडे आम्हाला शोधत होती. व्याह्यांनी पुढच्या खिडकीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. चौतीस वर्षांत हा माणूस काम अर्धवट टाकून निघाला नसावा. त्यांनी गठ्ठा मागच्या अनोळखी माणसाच्या हातात कोंबला आणि दोघेही धावलो. माझ्या मांड्या व्यायामशाळेची आठवण काढत होत्या.

आत लग्नं लावणाऱ्या दुसऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडून ठेवली होती. मुलामुलीच्या सह्या झाल्या होत्या. साक्षीदारांच्या दोन जागा रिकाम्या होत्या, एकाखाली एक.

"आधी तुम्ही करा," मी व्याह्यांना म्हणालो.

"छे, छे. मुलीचे वडील तुम्ही. आधी तुम्ही."

"तुमची सेवा तीन वर्षं जास्त झालीय."

"तुमचे पाच जास्त भरलेत."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि साडेअकराची वेळ संपली की पुढच्या जोडप्याला घेणार असल्याचं सांगितलं. बायकोनं डोक्याला हात लावला. विहीणबाई हसत होत्या की रडत होत्या, मला नीट दिसलं नाही, कारण मलाच नीट दिसत नव्हतं. मुलीनं पेन घेतलं, माझ्या बोटांत बसवलं, आणि लहानपणी मी तिचा धरत असे तसा माझा हात धरून वरच्या जागेवर आणून ठेवला.

मी सही केली. काय लिहिलंय ते यावेळी आधी वाचलं.